आईला सोडून सगळ्यांचं ऐकणारं घर

"ज्योतीबेन, तुमची सिस्टीम माझी आई सोडून सगळ्यांचं ऐकते."

दीपकभाईंचा फोन. नमस्कार नाही, कामात आहात का असंही विचारणं नाही. "वॉचमन बोलला तर ऐकते. कुरिअरवाला बोलला तर ऐकते. जिच्यासाठी लावली तिचंच ऐकत नाही. आज या आणि काय ते एकदाचं करा, नाहीतर सगळं काढून घेऊन जा."

मी अडाजणला एका बंगल्यात शिडीवर उभी होते, तोंडात स्क्रू धरलेले. "येते," एवढंच कसंबसं म्हटलं.

मी सुरतेत होम ऑटोमेशनचं काम करते. नाव मोठं, काम साधं. आजकाल एका हॉलमध्ये टीव्ही असतो, स्पीकरना आवाज पुरवणारा रिसीव्हर असतो, केबलचा बॉक्स असतो आणि इंटरनेटवरचं दाखवणारा दुसरा बॉक्स असतो. प्रत्येकाचा रिमोट वेगळा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. त्या सगळ्यांना एकत्र नांदायला लावायचं, वर दिवे, पंखे, पडदे यांनाही त्याच कुटुंबात घ्यायचं, हा माझा धंदा. या सगळ्यांवर कारभार बघणारी एक छोटी पेटी असते, तिला हब म्हणतात. माणसाने तोंडाने हुकूम सोडायचा आणि हबने तो ज्याच्या त्याच्याकडे पोचवायचा.

पण हुकमाआधी हबला हाक मारावी लागते. नाहीतर नवरा-बायकोच्या भांडणात कोणी "बंद कर" म्हणायचं आणि टीव्ही बंद पडायचा. म्हणून एक शब्द ठरवून दिलेला असतो. तो कानावर पडला की पेटी टुंग करते, तिच्यावर निळा दिवा लागतो, आणि मग आपण सांगू ते ती ऐकते. या शब्दाला वेक वर्ड म्हणतात. आम्ही लावतो त्या सिस्टीममध्ये तो गिऱ्हाईकाच्या पसंतीचा घालता येतो.

दीपकभाईंची पसंती आधीच ठरलेली होती. "काशिनाथ."

"कोण काशिनाथ?" मी तेव्हा विचारलं होतं.

"पप्पा."

दीपकभाई मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत दोन पिढ्या काढल्या की पाटलाचाही भाई होतो, तसे ते भाई झालेले. वडील जन्मभर सांच्यावर उभे राहिले. सांचा म्हणजे इथला पॉवरलूम. घर गोडादऱ्याला, एकावर एक दोन खोल्या. मुलगा शिकला, शहराबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कापडावर छपाई करायचं युनिट काढलं, वेसूला नवव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला. फ्लॅटची चावी हातात यायच्या आत वडील गेले. मग आईला एकटीला गोडादऱ्याला कसं ठेवायचं म्हणून ते तिला वेसूला घेऊन आले.

"पप्पा गेल्यापासून घरात त्यांचं नाव कोणी काढत नाही," ते म्हणाले होते. "सगळे गप्प. मला ते नाव ऐकायचंय. आणि टीव्ही म्हणजे तर पप्पांचा जीव. रातपाळी करून झोपायचे, उठले की दुपारी ते आणि आई दोघं बसून बघायचे."

मला कल्पना फार आवडली. धंद्याच्या दृष्टीनेही नाव उत्तम होतं. वेक वर्ड जरा लांब असावा, ठसठशीत असावा आणि बोलण्याच्या ओघात उगाच येणारा नसावा. काशिनाथ सगळ्यात पास. मी ते घातलं आणि आईंसाठी "दुपार" नावाचा एक सीन करून दिला. सीन म्हणजे एका हुकमात अनेक कामं. "काशिनाथ, दुपार लाव" म्हटलं की पडदे अर्धे सरकायचे, टीव्ही लागायचा, रिसीव्हर बेताच्या आवाजावर यायचा आणि खानदेशी गाणी सुरू व्हायची. दीपकभाईंनी हौसेने सगळे रिमोट एका डब्यात भरले आणि डबा माळ्यावर टाकला.

त्या दिवसापासून त्यांची आई बंद टीव्हीसमोर बसून राहू लागली.

पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा मी गेले, तर दार आईंनीच उघडलं. घरात एकट्याच होत्या. दीपकभाई सचिनला, सून हेतल तिच्या शाळेत, ती शिक्षिका आहे. नऊवारी नीटनेटकी, कपाळ मोकळं, हातात जपमाळ नाही की पुस्तक नाही. मी त्यांना मावशी म्हणायला लागले.

"मशीन खराब शे, माय," मावशी म्हणाल्या. "मनं काही आयकस नही."

ते "शे" ऐकलं आणि मी बॅग खाली ठेवायची विसरले. माझं माहेर इथलंच, सुरतेतल्या उधन्याचं. आईवडील धुळ्याकडचे, घरात सगळी अहिराणी. आई गेली आणि तिच्याबरोबर ती बोलीही घरातून गेली. मी कामावर गुजराती बोलते, नवऱ्याशी मराठी, मुलीशी तोंडाला येईल ते. मला "माय" म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि ते मला तोवर जाणवलंही नव्हतं. तो एक शब्द ऐकून मी उगाचच हबची वायर तपासत खाली वाकून बसले.

मग म्हटलं, "काशिनाथ, दुपार लाव."

टुंग. पडदे सरकले, टीव्ही लागला, गाणं सुरू.

"देख, तुनं आयकस," मावशी म्हणाल्या.

"आता तुम्ही बोला."

"तूच बोल ना, माय. तुना आवाज गोड शे." आणि त्या चहा ठेवायला आत निघून गेल्या.

मी निदान केलं की मावशींचा आवाज बारीक आहे आणि माइक लांब आहे. सोफ्याशेजारी आणखी एक माइक बसवला, चहा प्यायले आणि आले. फरक शून्य.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मला खरोखरच एक बिघाड सापडला. टीव्हीला जी एचडीएमआयची वायर लागते तिच्यातून चित्र जातं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वायरीतून ही यंत्रं एकमेकांच्या कानाशीही लागतात. टीव्ही जागा झाला की रिसीव्हरला उठवतो, रिसीव्हर बॉक्सला उठवतो. इथे केबलचा बॉक्स मध्येच उठून "आधी मी" म्हणायचा आणि कधीकधी टीव्हीचा पडदा काळाच राहायचा. मला वाटलं, सापडला चोर. काळा पडदा बघून म्हाताऱ्या माणसाने नाद सोडला असणार. मी त्या बॉक्सचं तोंड बंद केलं आणि विजयी मुद्रेने घरी आले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मावशींनी तेव्हाही चहा पाजला, दोन गोष्टी विचारल्या, आणि माझी पाठ वळल्यावर टीव्ही काही लावला नाही.

आणि आता हा फोन.

मी पोचले तेव्हा दीपकभाई कारखान्यातून आलेले होते आणि दारातच उभे होते. आई आत होती म्हणून हळू आवाजात बोलत होते, पण चिडलेले होते.

"आई काल म्हणाली, मला गोडादऱ्याला सोड. एकटी राहते म्हणते. तिथला जिना तुम्ही बघितला नाही, ज्योतीबेन. दोरी धरून चढावं लागतं. मागे एकदा पडली ती त्याच्यावरून. तेव्हा पप्पा होते उचलायला."

"त्यांना इथे करमत नाही?"

"कसं करमणार? तिथे दार उघडलं की चार बाया. इथे लिफ्टमध्ये कोणी तोंड वर करत नाही. म्हणून तर हे सगळं केलं ना? दुपारी टीव्ही लावेल, गाणी ऐकेल, जीव रमेल. हेही चाललं नाही तर मी तिला कशाने थांबवू?"

शेवटचं वाक्य त्यांनी चिडून म्हटलं नाही. मग घड्याळ बघितलं, "बघा काय होतं ते," म्हणाले आणि सचिनला परत गेले.

मी लॅपटॉप उघडून बसले. माइक ठीक, नेटवर्क ठीक, हब ठीक. मी नाव घेतलं की टुंग. स्वयंपाकघरातून घेतलं तरी टुंग, कुजबुजले तरी टुंग. मावशींना म्हटलं, एकदा तरी माझ्यासमोर बोला. त्या म्हणाल्या, "पहिले जेवी ले." नाही म्हणायची सोय नव्हती. ताट आलंच.

बाजरीची भाकरी, ठेचा आणि लाल भोपळ्याची भाजी, लसूण घालून. पहिल्या घासाला मी उधन्याच्या आमच्या खोलीत जाऊन पोचले. म्हटलं, "मावशी, माझी आई अगदी अशीच करायची काशीफळाची भाजी."

"डांगरनी," मावशी म्हणाल्या.

"हो, तेच. आमच्याकडे काशीफळ म्हणायचे."

"सगळा तेच म्हंतस." त्यांनी पदर ओठांवर धरला आणि हसल्यासारखं केलं. "मी नही म्हनत."

"का बरं?"

"त्यामा नाव येस ना त्यासनं."

घास माझ्या हातातच राहिला. काखेत कळसा आणि मी तीन वेळा गावाला वळसा घालून आले होते. जी बाई नवऱ्याचं नाव येतं म्हणून जन्मभर भोपळ्याला डांगर म्हणते, तिला आम्ही सांगत होतो की टीव्ही बघायचा असेल तर नवऱ्याला नावाने हाक मार. तीही अरे-तुरे करून. माझी आई तरी काय वेगळी होती? माझ्या वडिलांचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण मी माझ्या नवऱ्याला नावानेच हाक मारते, तो मला मारतो, त्यात काही असतं हे डोक्यातूनच गेलं होतं.

"मग सांगितलं का नाही दीपकभाईंना?"

"कसं सांगू, माय? पोऱ्यानी बापना नावनी एवढी हौस करी." त्या माझ्या ताटात आणखी भाजी वाढत बोलत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "लगीनमा एक डाव नाव लिधं, उखानामा. ते बी मावसबहीननी चिमटा लिधा तवय. त्यानंतर नही लिधं. आते त्या नही शेत, तर काय मी त्यासले नाव लिसन हुकूम सोडू?"

हातातला घास मी ताटात ठेवला.

"आनि देख ना," त्या म्हणाल्या, "आख्खा दिन त्यासले कामले लायेल शे. सकायपशी सुरू. अमका, लाइट लाव. अमका, पंखा बंद कर. अमका, एसी वाढाव. जीता व्हतात तवय बारा बारा तास सांचावर उभा. आते तरी बसू द्या ना त्यासले."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. ठेचा तिखट लागला म्हणत पाणी मागितलं. मावशींनी पाणी दिलं आणि ठेचा माझ्यापासून दूर सरकवला.

हात धुऊन मी दीपकभाईंना फोन लावला. मावशी "नको, नको" करत होत्या, पण आता सांगणं भाग होतं.

"सापडला फॉल्ट?"

"सापडला. नाव बदलावं लागेल. मावशींना ते घेता येत नाही."

"उच्चार जमत नाही का?"

"दीपकभाई, तुमची आई पप्पांना कधी नावाने हाक मारायची का?"

पलीकडे मशिनांचा आवाज मागे पडला, ते बाहेर आले असावेत. मग, "नही यार. कधीच नाही. हे माझ्या लक्षात कसं नाही आलं? हेतल बोलते, मी बोलतो, मला वाटलं... पण मग ते नाव घरात परत कोणीच घेणार नाही ना, ज्योतीबेन?"

मुलाला ते नाव सारखं ऐकायचं होतं, आईला ते असं ऐकवत नव्हतं, आणि दोघांना आठवण एकाच माणसाची येत होती. त्यांच्यात मी कोण निवाडा करणारी?

"काढून टाका," शेवटी तेच म्हणाले. "आईला जे पाहिजे ते ठेवा."

मी मावशींसमोर बसले. "मावशी, तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारायच्या?"

त्या लाजल्या. नातवंडं व्हायच्या वयाची बाई, नवी नवरी लाजावी तशी लाजली. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "काय म्हननार? सगळ्या म्हंतस तेच. ओ, आयकं का."

आयकं का, म्हणजे ऐकलं का. वेक वर्ड म्हणून बघितलं तर हे नियमात बसत होतं. लांबी पुरेशी, आवाज ओळखण्यासारखा. शिवाय त्या घरात आता असं कोणी कोणाला म्हणत नव्हतं.

नवीन शब्द हबला शिकवायचा तर तो पुन्हा पुन्हा बोलून रेकॉर्ड करावा लागतो, वेगवेगळ्या अंतरावरून, वेगवेगळ्या पट्टीत. मावशी आधी फोटो काढायला बसावं तशा पदर सारखा करून बसल्या आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाल्या. हबला ते पटलं नाही.

"असं नाही, मावशी. जशी हाक मारायच्या तशी मारा."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मग आतून आलं, "ओ! आयकं का!"

भाकरी गार होत असलेल्या बाईची ती हाक होती. मग एक हळू आली, शेजारी ऐकू नये अशी. मग एक वैतागलेली. मग एक नुसती, कशासाठी ते न कळणारी. माझी आई उधन्याच्या खोलीतून अशीच हाक मारायची आणि वडील पेपरातून मान वर न करता "हूं" म्हणायचे. त्या खोलीत मला परत जायचं होतं, आत्ताच्या आत्ता. मी लॅपटॉपवर बटणं दाबत राहिले.

शेवटची हाक मारून मावशी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि सोफ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी "झालं" म्हणायला जरा उशीर केला.

"हवं असेल तर ही पेटी उत्तरही देईल, मावशी. ‘बोला’ म्हणेल."

"नको, माय. त्या बी कवय बोलेत नही, नुस्ता देखेत," मावशी म्हणाल्या. "टुंग बस शे."

मग त्यांनी हाक मारली, टुंग झालं, आणि त्या म्हणाल्या, "दुपार लाव." पडदे सरकले. मावशी बसल्या. मला जा असंही म्हणाल्या नाहीत, गाण्यातच गुंतल्या. मी दार हळू ओढून घेतलं.

आठवड्याभरात दीपकभाईंचा फोन. "ज्योतीबेन, आता उलटं झालं. आई सोडून कोणाचंच ऐकत नाही." खरंच होतं. शब्द मावशींच्या आवाजावर घडवलेला. हेतलचं "आयकं का" कानावर आलं की पेटी ढिम्म. मी बाकीच्यांसाठी भिंतीवर बटणं बसवून दिली. बटणं बसवताना विचारलं, "आणि गोडादरा?" ते म्हणाले, "विषय नाही काढला परत. खालची खोली भाड्याने दे म्हणाली."

तेव्हापासून मी नव्या घरात गेले की पहिला प्रश्न विचारते, इथे कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं. लोकांना वाटतं बाई भोचक आहे. वाटू दे. वायरी मी नंतर बघते.

परवा पडद्याची एक मोटर बदलायला पुन्हा त्या घरी गेले होते. दुपारची वेळ. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून मोटर उघडली होती, मावशी आत मेथी निवडत होत्या. आतून हाक आली, "ओ, आयकं का."

टुंग. निळा दिवा लागला. मी हातातलं काम थांबवलं, आता पडदा सरकेल म्हणून. मावशी पुढे काही बोलल्या नाहीत. दिवा जरा वेळ वाट बघून विझला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. हाक, टुंग, दिवा, आणि पुढे काही नाही.

मला वाटलं, पुढचा हुकूम माइकला ऐकू येत नसणार. उठून आत गेले. "मावशी, टुंग झालं की लगेच सांगायचं काय हवं ते. जास्त थांबलं तर ती पेटी झोपून जाते."

"माले माहीत शे, माय," मेथीची काडी मोडत मावशी म्हणाल्या. "काही काम नही व्हतं."

हाक मारून पुढे हुकूम आला नाही तर आमच्या धंद्यात त्याला फॉल्स ट्रिगर म्हणतात. म्हणजे चुकून लागलेली हाक. अशा हाका कशा कमी करायच्या याचं रीतसर ट्रेनिंग असतं, मी घेतलेलं आहे. मी मोटर बसवली, पडदा दोनदा सरकवून बघितला आणि हबच्या सेटिंगला हात न लावता घरी आले.